मथळा नसलेला तक्ता

साखळीच्या मित्र सेवा क्लबची बैठक दर बुधवारी संध्याकाळी सहा वाजता बाजारातल्या एका हॉटेलच्या माडीवर भरते. सहा म्हणजे साडेसहा, हे सगळ्या सभासदांना माहीत असतं, फक्त पाहुण्याला नसतं. त्यामुळे मे महिन्यातल्या त्या बुधवारी आहारतज्ज्ञ सेजल परब बरोबर सहाला जिना चढून आली, तेव्हा माडीवर कृष्णनाथ मास्तरांशिवाय कोणी नव्हतं. मास्तर पंखे चालू करून खुर्च्या ओळीत लावत होते.

कृष्णनाथ मळीक सरकारी मराठी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली होती. क्लबात कार्यक्रमांची जबाबदारी त्यांच्याकडे. दर आठवड्याला नवा वक्ता धरून आणायचा म्हणजे खायचं काम नव्हे. साप पकडणारा होऊन गेला, आयकरवाला होऊन गेला, विम्याचे तर तीन होऊन गेले. सेजलचं नाव त्यांच्या भाच्याने सुचवलं होतं. मुलगी धारगळची, हायवेलगतच्या शेतकरी घरातली. शिकून आता म्हापशाच्या एका इस्पितळात नोकरीला. तिशीच्या आतलीच. मास्तरांना वक्ता म्हणून ती जरा लहान वाटली होती, पण विषय चोख होता : साठीनंतरचं खाणं. क्लबातले निम्मे सभासद साठीच्या पलीकडचेच होते.

हळूहळू माणसं जमली. अध्यक्षा अर्चना शेट्ये आल्या. त्यांचं साड्यांचं दुकान आहे, आणि क्लबाचा कारभारही त्या दुकानासारखाच उत्साहाने चालवतात. आलेल्या माणसाला काहीतरी दाखवल्याशिवाय सोडत नाहीत. सेजलच्या हातात चहाचा कप देतादेताच त्यांनी क्लबाची सगळी कामं सांगितली, आणि पिशवीतून एक पत्रक काढून तिच्यापुढे धरलं. हा आमचा यंदाचा सगळ्यांत मोठा उपक्रम, त्या म्हणाल्या. अडीचशे घरांत पोचवलंय. जिल्ह्याच्या बक्षिसासाठीही पाठवलंय. कल्पना सगळी मास्तरांची.

पत्रक साधंच होतं. वर क्लबाचं नाव, त्याखाली ठळक अक्षरांत ‘उत्तम आरोग्यासाठी आहार’, आणि खाली टापटीप तक्ता. डाळ आठवड्यातून दोनदा, तीही अर्धी वाटी. मासे, अंडी, दूध शक्यतो टाळावे. केळं, टोमॅटो, शहाळ्याचं पाणी वर्ज्य. भाजी बारीक चिरून उकळावी आणि ते पाणी ओतून टाकावं. दिवसभरात पाणी एक लिटरच्या आत.

सेजलने ते एकदा वाचलं. मग चहा मेजावर ठेवून पुन्हा वरपासून वाचलं, उलटून मागची कोरी बाजू पाहिली. तोवर अर्चनाबाई बैठकीची घंटा वाजवायला पुढे गेल्या होत्या.

“ह्याच्यावर आधी काही लिहिलेलं होतं का?” तिने मास्तरांना हळूच विचारलं. “कुणाचं नाव? आजार?”

“नाही,” मास्तर म्हणाले.

हे उत्तर त्यांच्या तोंडून इतक्या पटकन गेलं, की ते खोटं आहे हे त्यांना स्वतःलाच घंटेचा आवाज ऐकताना कळलं.

वर चार ओळी होत्या. त्या त्यांनीच दुमडल्या होत्या. तक्ता त्यांच्या धाकट्या भावाचा, दिनकरचा. दिनकर फोंड्याला असतो. दोन वर्षांमागे त्याच्या मूत्रपिंडांनी काम कमी केलं, तेव्हा तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी त्याला हा तक्ता करून दिला होता. दिनकरने तो नेमाने पाळला आणि त्याची तब्येत सावरली. मास्तर भावाकडे गेले की भिंतीवरचा तो कागद वाचत. एवढं स्वच्छ मराठीत, एवढं नेमकं लिहिलेलं त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. गेल्या गणेशचतुर्थीच्या सुमारास क्लबाने कारापूरला आरोग्य शिबिर घेतलं तेव्हा त्यांना वाटलं, हे एका माणसाच्या भिंतीवर कशाला राहावं? सगळ्यांना मिळू दे. वरच्या ओळींत दिनकरचं नाव, वय आणि आजार होता. भावाचं दुखणं चारचौघांत नको, म्हणून झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून त्यांनी त्या ओळी मागे दुमडल्या आणि वर क्लबाचं नाव चिकटवलं. त्यात आपण काही चुकतो आहोत असं त्यांच्या मनातही आलं नाही. उलट आपण नाजूकपणे वागलो, याचं थोडं समाधानच वाटलं होतं.

राष्ट्रगीत झालं. मास्तरांनी पाहुणीची ओळख करून दिली. नेहमी ते पाच मिनिटं बोलत. त्या दिवशी दोन वाक्यांत बसले.

सेजल बोलली चांगली. पडद्यावर चित्रं दाखवायची होती ती तिने बाजूला ठेवली आणि समोरच्यांना आज दुपारी काय जेवलात ते विचारत गेली. बहुतेकांचं शीत, कढी आणि लोणचं निघालं. वय झालं की भूक कमी होते, तहान तर कळतच नाही, ती म्हणाली. म्हणून पाणी तहानेची वाट न पाहता प्यायचं. आणि दर जेवणात अंगाला बळ देणारं काहीतरी हवंच. कुळीथ-अळसांद्यांसारखी कडधान्यं, डाळ, अंडं, बांगड्या-तारलीचं नुस्तं, जे घरात असेल ते. म्हाताऱ्या माणसाला पेजेवर ठेवायची आपल्याकडे सवय आहे, पण नुसत्या पेजेवर पाय टिकत नाहीत.

पुढच्या रांगेत मंगेश गावस बसला होता. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि कुठल्याही वक्त्याला पहिला प्रश्न त्याचाच असतो. तो पत्रक हातात धरून उभा राहिला. “बाई, आमच्या पत्रकात तर सगळं ह्याच्या उलट लिहिलंय. मग खरं कुठलं?”

सेजलने क्षणभर पाण्याच्या ग्लासाकडे पाहिलं. मास्तरांकडे तिने पाहिलं नाही.

“दोन्ही खरं आहे,” ती म्हणाली. “पण तुमच्या हातातला कागद मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी केलेला आहे. त्याच्यासाठी ते औषध आहे. तो धडधाकट म्हाताऱ्या माणसाने पाळला तर काही महिन्यांत त्याचं अंग झडेल. उन्हाळ्यात एवढ्याशा पाण्यावर तो चक्कर येऊन पडेल.”

अर्चनाबाई सावरून घ्यायला उठल्या. छापण्यात काही चूक झाली असेल, आपण झेरॉक्सवाल्याला विचारू, असं काहीसं त्या म्हणाल्या. आणि मास्तरांना दिसलं की हे खपून जाईल. झेरॉक्सवाला बैठकीला नव्हता. आभार मानले जातील, पाहुणीला रोपटं दिलं जाईल, बटाटवडे येतील.

ते उठून उभे राहिले. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना उभं केलं होतं; सगळे बसलेले असताना आपण एकट्याने उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांना आज कळत होतं.

“झेरॉक्सवाल्याची चूक नाही,” ते म्हणाले. “तक्ता माझ्या भावाचा आहे. त्याला मूत्रपिंडाचा आजार आहे. वर तसं लिहिलेलं होतं, ते मी दुमडलं. आणि मघाशी ह्या बाईंनी मला सरळ विचारलं, तेव्हा मी नाही म्हणून सांगितलं.”

मंगेशने पत्रकाची घडी घालून खिशात टाकली, मग पुन्हा बाहेर काढून खुर्चीखाली ठेवली.

सेजलने एकच गोष्ट विचारली. हा कागद खरोखर पाळणारं कोणी तुमच्या माहितीत आहे का? मास्तर हो म्हणाले, आणि खाली बसले.

कारापूरची रुक्मिणी गाड. वय बहात्तर. तिचा मुलगा मास्तरांचा विद्यार्थी. तो आता बोटीवर नोकरीला असतो. शिबिरात तिने पत्रक हातात घेऊन म्हटलं होतं, मला वाचता येत नाही, तुम्हीच वाचून दाखवा. मास्तरांनी वाचून दाखवलं. पुन्हा वाचा म्हणाली, पुन्हा वाचलं. तिने बोटांवर एकेक गोष्ट पाठ करून घेतली. आणि गेल्याच आठवड्यात देवळात कोणीतरी म्हणालं होतं, रुक्मिणीकाकी हल्ली भजनाला येत नाही, अंथरुणाला लागलीय. मास्तरांनी ते वयावर घातलं होतं.

बैठक संपल्यावर सेजल म्हणाली की ती शनिवारी येऊन बाईंना बघेल, तोवर त्यांना पाणी आणि डाळ सुरू करायला सांगा. पण आधी तिथल्या आरोग्य केंद्रात दाखवून रक्त तपासून घ्या, उगाच अंदाजाने काही नको. तिने मास्तरांना बोल लावला नाही. लावला असता तर त्यांना जरा बरं वाटलं असतं.

घरी पोचल्यावर त्यांनी दिनकरला फोन केला आणि सगळं सांगितलं. दिनकरने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, “दादा, माझं नाव झाकायला कशाला गेलास? अख्ख्या फोंड्याला माहीत आहे. माझी बायको तर भाजीवालीलाही सांगते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मास्तर स्कूटर काढून कारापूरला गेले. दारात रुक्मिणीची सून पूनम भेटली. तिचं माहेर कोल्हापूरकडचं, लग्न होऊन आली तेव्हापासून ती मास्तरांना सर म्हणते. सर कशासाठी आले ते ऐकून घेतल्यावर तिने त्यांना आत न नेता पायरीवरच थांबवलं.

“सर, मी आठ महिने भांडतेय त्यांच्याशी,” ती म्हणाली. “बांगड्याचं हुमण केलं की ताट सरकवतात. डाळ वाढली की वाटी परत करतात. भाजीचं पाणी मी टाकलं नाही तर स्वतः उठून टाकतात. सुनेला काय कळतं, मास्तरांनी वाचून दाखवलंय, म्हणतात. दोनदा पडल्या. मुलाला बोटीवर फोन करून मी उपाशी ठेवते असं नाही सांगितलं, एवढंच नशीब माझं.”

मास्तरांनी हे सगळं उभ्याने ऐकलं.

आत रुक्मिणी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. शिबिरात पाहिलेली बाई ती हीच का, असं वाटावं इतकी उतरली होती. दंड चिंचेच्या कोवळ्या फांदीएवढे; पावलं मात्र सुजलेली. उशाला भिंतीवर खिळ्याला पत्रक लटकवलेलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

“मास्तर, बसा. कदेल ओढ गो, पूनम.”

पूनमने खुर्ची ओढली. मास्तर बसले आणि त्यांनी सांगितलं. कागद चुकीचा आहे, तो दुसऱ्याच आजाराच्या माणसाचा आहे, तुम्ही तो पाळायचा नव्हता. त्यांनी वाटेत जुळवलेली वाक्यं एका दमात संपली.

रुक्मिणी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला ते पटलेलं दिसेना. “तुम्हाला कोणी सांगायला लावलंय का?” तिने विचारलं. “पूनमने?”

“नाही, काकी.”

“त्या दिवशी तुम्ही दोनदा वाचलंत.”

“हो.”

“दोन्ही वेळा सारखंच वाचलंत.”

“हो. कागदावर होतं तेच वाचलं. कागदच चुकीचा होता.”

ती थोडा वेळ बोटांची पेरं मोजत बसली. मग तिने विचारलं, “तुम्ही स्वतः पाळलात?”

हा प्रश्न मास्तरांना सुचलाच नव्हता. गेले आठ महिने त्यांच्या ताटात रोज दुपारी नुस्तं होतं. सकाळी पावाचा उंडा आणि अळसांद्यांची भाजी. चैत्रात शहाळी. घरात तो कागद कुठे पडला होता हेही त्यांना आठवत नव्हतं.

“नाही,” ते म्हणाले. “एक दिवसही नाही.”

रुक्मिणीने तोंड भिंतीकडे फिरवलं. तशीच तिने पूनमला हाक मारली आणि तो कागद काढून टाक म्हणून सांगितलं. पूनमने खिळ्यावरची पिशवी काढून मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी ती खिशात घातली. मग त्यांनी रिक्षा बोलावली आणि दोघींना घेऊन आरोग्य केंद्रात गेले. वाटेत रुक्मिणी जे काही बोलली ते पूनमशीच.

रक्तात प्रथिनं फार खाली गेली होती, मीठही कमी झालं होतं. डॉक्टरांनी तिला तीन दिवस ठेवून घेतलं. मूत्रपिंडं तिची ठणठणीत होती. शनिवारी सेजल आली आणि खाटेशेजारी अर्धा तास बसून, काही न लिहिता, काय आवडतं, काय पचतं, दात किती आहेत, हे सगळं विचारत गेली. रुक्मिणीला नाचण्याचं सत्त्व आवडतं असं निघालं, आणि मऊ कुळीथ. त्यातूनच दोघींनी मिळून तिच्या जेवणाचं ठरवलं.

पुढच्या बुधवारी बैठकीत पत्रकाचाच विषय होता. अर्चनाबाईंना क्लबाच्या नावाची काळजी होती, आणि ती खोटी नव्हती. सगळी पत्रकं गुपचूप गोळा करू, बोभाटा नको, असं त्यांचं म्हणणं पडलं. मास्तर म्हणाले, गुपचूप गेलो तर लोक कागद देतील पण पाळत राहतील. का परत मागतोय ते सांगावंच लागेल. बराच वाद झाला. शेवटी मंगेशने तोड काढली : क्लबाच्या नावाने नवी सूचना काढायची, तिच्यात चूक झाली असं स्पष्ट लिहायचं, आणि दारोदार मास्तरांनी जायचं, आपण सगळ्यांनी आळीपाळीने त्यांच्याबरोबर. बक्षिसाचा अर्ज मास्तरांनी त्याच रात्री पत्र लिहून मागे घेतला.

जून उजाडायच्या आत त्यांनी सगळी घरं पालथी घातली. शिबिराच्या वहीत नावं होतीच. मास्तर दारात उभे राहून तेच तेच बोलत : आम्ही दिलेला कागद चुकीचा होता, चूक माझी, तो परत द्या. पहिल्या दहा घरांत जीभ जड झाली. मग सवय झाली, आणि सवय झाली याचंही त्यांना बरं वाटेना.

बहुतेक ठिकाणी त्यांना वेगळंच कळलं. कागद कोणी वाचलाच नव्हता. एका घरी तो फडताळात डब्यांखाली अंथरलेला निघाला. एकीने त्यात अगरबत्तीची राख भरून टाकली होती. न्हावेलीच्या एका आजोबांनी मागच्या कोऱ्या बाजूवर नातीच्या लग्नाला बोलवायच्या लोकांची यादी केली होती आणि ती द्यायला ते तयार नव्हते. मास्तरांना हायसं वाटलं, आणि कुठेतरी थोडं लागलंही. एवढ्या निगुतीने केलेलं काम लोकांनी डब्याखाली घातलं म्हणून आजवर कोणी आभार मानले नसतील; त्यांनी मानले.

रुक्मिणीसारखी आणखी दोन माणसं निघाली. एक बाई डाळ सोडून बसली होती, पण मासे चोरून खात होती. एक निवृत्त ट्रकचालक पाणी कमी पीत होता आणि त्याला मूतखडा झाला होता. पत्रकामुळेच झाला की नाही, ते डॉक्टरही सांगू शकले नाहीत. त्याने मास्तरांना घरात घेतलं नाही. दाराबाहेरूनच जे बोलायचं ते बोलला, आणि मास्तरांनी ते ऐकून घेतलं. पुढे दोन वेळा ते त्याच्याकडे गेले. दोन्ही वेळा दार बंद होतं.

रुक्मिणीकडे ते दर गुरुवारी जात राहिले. सुरुवातीला ती पूनमच्या तोंडून बोलायची : मास्तरांना सांग, बरी आहे. पावसाळ्याचे पहिले दोन महिने तसंच चाललं. आषाढात ती काठी घेऊन अंगणापर्यंत आली. श्रावणात तिने त्यांना पहिल्यांदा सरळ विचारलं, तुमच्या भावाची तब्येत कशी आहे. मास्तरांनी ठीक आहे म्हटलं. मग ती म्हणाली, “त्याचा कागद होता तो. त्याला उपयोगी पडतोय ना? मग झालं.” ह्यापलीकडे ती त्या गोष्टीवर कधी बोलली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. पण पूर्वी ती मास्तरांनी सांगितलेलं डोळे मिटून मानायची, ते मात्र परत आलं नाही. आता त्यांनी पाऊस येईल म्हटलं तरी ती आधी आभाळाकडे बघायची. मास्तरांना ते बोचायचं, आणि हे बरंच झालं असंही वाटायचं.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात सेजल पुन्हा आली. ह्या वेळी हॉटेलच्या माडीवर नाही, कारापूरच्या देवळाच्या सभामंडपात, सकाळी दहाला. हे मास्तरांनीच ठरवलं होतं. ज्यांच्यासाठी बोलायचं त्यांच्यातच जाऊन बोलायचं. चाळीसेक बायका आणि पाचसहा म्हातारे चटईवर बसले. मास्तर मागे खांबाला टेकून. रुक्मिणी पुढे, पूनमच्या शेजारी, नवं पातळ नेसून. दंड अजून बारीकच होते, पण ती आपल्या पायांनी चालत आली होती.

सेजलने कसलाही कागद वाटला नाही. ज्याला मधुमेह आहे त्याने असं, ज्याला काही नाही त्याने तसं, आणि ज्याला माहीतच नाही त्याने आधी तपासून यावं, असं ती एकेकाला विचारून सांगत होती. रुक्मिणीने दोनदा हात वर करून तिला थांबवलं आणि हे कोणासाठी म्हणून विचारलं. सेजल दोन्ही वेळा थांबली आणि कोणासाठी ते सांगितलं.

म्हाताऱ्या माणसाने आठवड्यातून किती वेळा नुस्तं खावं, हे ती सांगायला लागली, आणि तेवढ्यात खालच्या रस्त्यावर नुस्तेवाल्याच्या स्कूटरचा भोंगा वाजला. एक बाई उठली, मग चार उठल्या, मग अर्धा सभामंडप उठला. वक्ता बोलत असताना उठून जाणारे सभासद मास्तरांनी क्लबात पुष्कळ पाहिले होते, आणि दर वेळी त्यांना राग आला होता. सवयीने ते आत्ताही बायकांना बसा म्हणायला पुढे झाले. सेजलने हात करून त्यांना थांबवलं. ती हसत होती.

रुक्मिणीने काठी हातात घेतली आणि पूनमला म्हणाली, “चल गो. तारली असली तर ती घे. बांगडे मऊ असतील तर घेऊ नको.” दोघी पायऱ्या उतरून भोंग्याच्या दिशेने गेल्या. मास्तरांनी सेजलसाठी पाण्याचा तांब्या भरून आणला, आणि सगळ्या परत येईपर्यंत ती दोघं रिकाम्या चटयांपाशी बसून राहिली.